समोरून दिसला तेवढा स्वार

माझ्या सुनेला सगळे झेरॉक्स म्हणतात. हे नाव तिला तिच्या सरांनी ठेवलं आणि ते तिला शोभतंही, पण त्याचा अर्थ लोक घेतात तसा नाही. दुसऱ्याची नक्कल करणं तिला या जन्मात जमलेलं नाही. माझ्या हाताखाली इतकी वर्षं काढली, पण माझ्यासारखी पोळी एकदाही लाटली नाही.

लग्नाआधी ती कॉलेजच्या फाटकासमोर झेरॉक्सच्या दुकानात मशीनवर उभी असायची. तिथे एक सर रोज जुनी पानं घेऊन यायचे. त्यावरचं अक्षर असं, की पाणी पडल्यावर मुंग्यांची रांग चहूकडे पळावी तसं. दुकानातली बाकीची मुलं पान उलटं की सुलटं एवढंच विचारायची. हिने एक दिवस विचारलं, ‘‘सर, हा शब्द कालच्या पानावर पण होता. काय आहे हा?’’ सरांनी चष्मा वर केला, हिच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, ‘‘घोडा.’’

तिथून जे सुरू झालं ते झालं. दुकान उघडायच्या आधी सकाळी ती सरांच्या घरी जायची. सरांच्या बायकोने केलेला चहा प्यायचा आणि शिकायचं. ज्या बोलणारं आता कोणी जिवंत नाही अशा दोन भाषा तिने अशा शिकल्या. माझ्या मुलाने हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, चला, या भाषांमध्ये सासूची चुगली करायला निदान कोणी भेटायचं नाही.

मुलगा माझा फ्रीज दुरुस्त करतो. अंगापिंडाने दणकट आहे, दारातून आत आला की घरात अंधार होतो. त्याला वाचनाचं वेड नाही, पण बायकोचं भारी वेड आहे. घरात तेवढं पुरतं.

सून आता संग्रहालयात आहे. काचेच्या पेटीत वस्तू असते ना, तिच्याखाली जी पाटी असते, ती लिहायचं तिचं काम. चार ओळींची पाटी लिहायला ती महिना लावते. मी एकदा म्हटलं, ‘‘अगं, एवढ्या वेळात माणूस ती वस्तूच नवीन बनवेल.’’ तर म्हणाली, ‘‘आई, नवीन बनवणं सोपं आहे. जुनं बिघडवायचं नाही, हे अवघड आहे.’’

तिची वाचायची एक रीत आहे. ती बसून वाचत नाही. कागदावर जे लिहिलंय ते घरात मांडते आणि आम्हाला त्यात उभं करते. कुठल्या राणीने गच्चीतून पूर बघितला असं लिहिलेलं असेल तर मला स्टुलावर चढवते आणि विचारते, ‘‘आई, तिथून बेसिन दिसतं का?’’ दिसत नसलं, तर त्या राणीचंही काही खरं नाही. शेजारीण एकदा साखर मागायला आली आणि मी टेबलाखाली वेढ्यात अडकलेली. आता ती बाई आधी बाहेरून हाक मारते.

तर मूळ गोष्ट त्या लोखंडी स्वाराची.

फार जुन्या काळी इराणच्या बादशहांच्या फौजेत असे घोडेस्वार होते, की माणूसही लोखंडात आणि घोडाही लोखंडात. तोंडावर सुद्धा लोखंडी मुखवटा. संग्रहालयाच्या मोठ्या दालनात असा एक स्वार उभा करायचं ठरलं, खऱ्या मापाचा. घोडा आणि माणूस प्लास्टरचे, वरून खरे लोखंडी पत्रे. पण त्या काळचा अख्खा पोशाख काही कोणाकडे नव्हता. चार गंजके पत्रे होते, दगडात कोरलेली दोन-तीन चित्रं होती, तीही झिजलेली. मग उरलं काय, तर त्या वेळच्या लोकांनी लिहून ठेवलेलं.

लिहिणारे दोघे. एक होता शत्रूच्या फौजेतला शिपाई. तो लढाईत समोर उभा होता आणि जगला वाचला म्हणून पुढे त्याने लिहिलं. दुसरा होता गोष्टी लिहिणारा. त्याने ते सगळं छान रंगवून लिहिलंय. स्वाराला पोत्यासारखं उचलून घोड्यावर कसं ठेवायचे, पाठीवर पत्रे कसे माशाच्या खवल्यांसारखे बसवायचे, घोड्याच्या शेपटीपर्यंत लोखंड कसं जायचं, सगळं.

सरांनी तरुणपणी या दोघांचं लिहिणं एकत्र लावून एक स्वार तयार केला होता. कागदावर. मुखवटा शिपायाचा, पाठ गोष्टवाल्याची. तो इतका नीट जुळला होता, की तेव्हापासून जो तो तोच स्वार खरा धरून चालत होता. माझी सूनसुद्धा त्याच्यावरच शिकली. आता तोच उभा राहणार होता. सर काठी टेकत टेकत दर आठवड्याला लोहाराच्या शेडमध्ये जायचे. दालनातल्या पाटीवर वर सरांचं नाव आणि खाली हिचं, असं ठरलं होतं. पगारवाढ मिळाली तेव्हा ही बाई एवढी हरखली नव्हती. ‘‘आई, सरांच्या नावाखाली माझं नाव,’’ म्हणून तिने दोनदा सांगितलं. मला पहिल्यांदाच कळलं होतं, पण दुसऱ्यांदा ऐकतानाही मी नवीन असल्यासारखं ऐकलं.

लोहाराचा एक साधा प्रश्न होता. मुखवट्याला डोळ्यांची भोकं केवढी पाडू? शिपायाने लिहिलेलं, की बाण शिरायला डोळ्यांशी आणि नाकाशी काय ती फट होती, बाकी सगळं बंद. मग रविवारी आमच्या घरात युद्ध मांडलं गेलं. मुलाला सोफ्याच्या हातावर घोड्यावर बसल्यासारखं बसवलं. गळ्यापासून खाली रजई बांधली, तोंडावर भाजी निथळायची चाळणी. हातात पडद्याचा दांडा. मला स्वयंपाकघराच्या दारात उभं केलं.

‘‘आई, तुम्ही तो शिपाई. हा तुमच्या अंगावर चालून येतोय. घाबरा.’’

‘‘मी याला जन्म दिलाय. याला काय घाबरू?’’

‘‘समजा हा ग्रीसचे हात न धुता तुमच्या धुतलेल्या चादरीवर बसायला येतोय.’’

तेव्हा मात्र मी खरंच एक पाऊल मागे सरकले.

‘‘आता सांगा, काय दिसतं?’’

‘‘सगळा झाकलाय गं. डोळे तेवढे लुकलुकतायत.’’

‘‘सगळा?’’

‘‘अगं सगळा, नखापासून शेंडीपर्यंत. जागा म्हणून शिल्लक नाही.’’

‘‘लवकर आटपा,’’ चाळणीतून आवाज आला, ‘‘आत मी उकडतोय.’’ आणि वैतागून तो उतरला आणि पंख्याकडे वळला. रजई मागे पुरलीच नव्हती. पाठीवर नुसती बनियन, तीही खांद्याशी फाटलेली, आणि पायजम्याची नाडी लोंबतेय. मी हसून हसून दाराला धरलं.

सून हसली नाही. ‘‘आई, तुम्ही सगळा झाकलाय म्हणालात.’’

‘‘मग? मला दिसला तेवढा सगळाच होता.’’

‘‘तुम्ही खोटं नाही बोललात.’’

‘‘मी कशाला खोटं बोलू?’’

ती तशीच माझ्या जागी येऊन उभी राहिली, दारात. शिपायाचं पान आणलं आणि उभ्याने वाचायला लागली. नवऱ्याला म्हणाली, ‘‘पुन्हा बस.’’ तो बिचारा पुन्हा बसला. तिने पान वाचलं, त्याच्याकडे बघितलं, पुन्हा वाचलं. मग मला सांगितलं. शिपाई काय काय सांगतो, तर मुखवटा, छाती, दंड, घोड्याचं कपाळ, घोड्याचे पुढचे गुडघे. मग स्वार माघारी वळतात तेव्हा तो काय लिहितो, तर धूळ. नुसती धूळ. पाठ त्याने कधी बघितलीच नाही. ‘‘सगळं अंग लोखंडात’’ म्हटलं ते समोरच्या अंगाबद्दल, घाबरलेल्या माणसाने. आणि आपण सगळे त्याच्या त्या एका शब्दावर विसंबून राहिलो आणि पाठ गोष्टवाल्याकडून उसनी आणली.

‘‘मग मागे लोखंड नव्हतं?’’ मुलाने विचारलं.

‘‘ते मला माहीत नाही.’’

‘‘म्हणजे होतं?’’

‘‘तेही माहीत नाही. शिपायाला माहीत नव्हतं, मग मला कसं असेल?’’

‘‘छान. म्हणजे मी एवढा घाम गाळून काहीच माहीत नाही एवढंच कळलं?’’

‘‘हो,’’ ती म्हणाली आणि तिचा चेहरा असा उजळला होता, की मला वाटलं, हिला लॉटरी लागली की काय.

सोमवारी ती शेडमध्ये गेली. मलाही घेऊन गेली, पुरावा म्हणून. मी चांगलं लुगडं नेसून गेले. उगाच लोकांनी म्हणायला नको की पुरावा गबाळा आहे.

शेडमध्ये प्लास्टरचा घोडा उभा होता, केवढा तरी. पुढच्या बाजूचे पत्रे चढले होते, मागचे जमिनीवर मांडून ठेवलेले, खवल्यासारखे एकाखाली एक. फार सुंदर काम. लोहाराच्या अंगावर ठिणग्यांचे डाग, पण पत्र्याला एक ओरखडा नाही. संग्रहालयाच्या मुख्य बाई आल्या होत्या आणि सर तिथेच खुर्चीवर बसले होते, हात काठीवर.

सुनेने सगळं सांगितलं. सावकाश, एकेक करून. शेवटी म्हणाली, ‘‘मागे काही चढवायचं नाही. प्लास्टर तसंच उघडं ठेवायचं आणि पाटीवर लिहायचं, इथून पुढे कोणी बघितलेलं नाही.’’

मुख्य बाई म्हणाल्या, ‘‘लोक तिकीट काढून अर्धा घोडा बघायला येणार?’’

‘‘घोडा पूर्ण आहे. माहिती अर्धी आहे.’’

सर खुर्चीत पुढे सरकले. ते म्हणाले, ‘‘झेरॉक्स, तुझा नवरा रजईत बसला म्हणून मी माझं आयुष्यभराचं वाचन सोडू?’’

‘‘रजईसाठी नका सोडू सर. त्या पानासाठी सोडा. धुळीनंतर त्याने काय लिहिलंय?’’

‘‘पुढचा दिवस.’’

‘‘मध्ये पाठ आहे कुठे?’’

‘‘पाठ दुसऱ्याने लिहिली आहे!’’ सरांनी काठी आपटली. ‘‘तो काय खोटारडा होता?’’

‘‘खोटारडा नव्हता. घरात बसून लिहिणारा होता. त्याचा स्वार वेगळा उभा करा, मी स्वतः पाटी लिहीन. पण त्याचं लोखंड या शिपायाच्या स्वाराच्या पाठीवर नको.’’

‘‘हा स्वार मी उभा केलाय.’’

‘‘हो सर.’’

‘‘तुझा जन्म व्हायच्या आधी.’’

‘‘हो सर.’’

मला वाटलं, आता ही रडणार. नाही रडली. मान खाली घातली, पण शब्द एकही मागे घेतला नाही. लोहार आपला जमिनीवरच्या पत्र्यांकडे बघत उभा. त्याला बिचाऱ्याला कोणी विचारलंच नव्हतं.

मुख्य बाईंनी सुनेला विचारलं, ‘‘तुझ्या सहीवर हे होईल. नंतर कोणी हसलं तर?’’

‘‘हसू दे. माझ्या नावाने हसतील.’’

सर उठले. ‘‘मग तुझंच नाव राहू दे. माझं काढा पाटीवरून.’’ आणि निघाले. दारापर्यंत गेले तेव्हा ती त्यांना धरायला पुढे झाली. नेहमी ती त्यांना रिक्षात बसवून यायची. त्यांनी हात झटकला नाही, पण काठी दुसऱ्या हातात घेतली. ज्या बाजूला ती होती त्या हातात. आता धरायला जागाच नव्हती.

घरी आल्यावर ती भांडी घासायला लागली. घासलेलीच पुन्हा. मी थोडा वेळ ऐकून घेतलं.

‘‘हे बघ,’’ मी म्हटलं, ‘‘म्हातारा माणूस आहे. मागे थोडंसं लोखंड लावलंस तर काय बिघडतंय? कोण जाऊन बघणार आहे घोड्याचा मागचा भाग?’’

‘‘आई, तुम्ही दारातून जे बघितलं नाही, ते मी तुमच्या तोंडी घातलं तर?’’

‘‘मी तुला बोलेन.’’

‘‘तो शिपाई बोलू शकत नाही ना.’’

मी फडकं घेतलं आणि ती घासत होती ती भांडी पुसत बसले.

सरांच्या घरी ती दोनदा गेली. दार सरांच्या बायकोने उघडलं, चहा दिला, म्हणाली, ‘‘ते झोपलेत.’’ आतून पानं उलटल्याचा आवाज येत होता. दुसऱ्यांदाही तसंच. मुलगा म्हणाला, ‘‘मी जाऊन बोलू का? त्यांचा फ्रीज मीच दुरुस्त केलाय.’’ ‘‘त्यांना फ्रीजबद्दल काही म्हणायचं नाहीये,’’ सून म्हणाली. आणि माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘माझं वाचन बरोबर आहे आई. फक्त सर सोबत हवे होते.’’

दालन उघडलं त्या दिवशी गर्दी झाली. स्वार समोरून असा काही दिसायचा, की पोरं आईच्या मागे लपायची. मुखवट्यातून दोन काळी भोकं. मग लोक चालत चालत मागे जायचे आणि थबकायचे. एकदम पांढरं. जिथे लोखंड संपतं तिथे एक सरळ रेघ आणि पुढे कोरं प्लास्टर. एक माणूस म्हणाला, ‘‘काम राहिलंय वाटतं.’’ त्याच्या बायकोने पाटी वाचली आणि म्हणाली, ‘‘नाही हो. माहीत नाही म्हणतायत.’’ ‘‘असं कुठे म्हणतात का?’’ तो म्हणाला, पण परत पुढे गेला आणि मग परत मागे. बराच वेळ त्याने असे फेरे घातले. सून लांबून बघत होती. मला कोपर मारून म्हणाली, ‘‘बघा, तो वाचतोय.’’ पाटीवर खाली तिचं एकटीचं नाव होतं. वर मोकळी जागा सोडली होती. कोणी विचारलं तर ती म्हणायची, ‘‘इथे एक नाव यायचंय.’’

सर आले नाहीत.

पुढे बऱ्याच दिवसांनी एका दुपारी मी दालनात बाकावर बसले होते. सुनेचं काम संपलं की आम्ही चष्म्याच्या दुकानात जाणार होतो. दालनात पहारेकरी आणि मी. तेवढ्यात काठीचा आवाज आला. सर. एकटेच. मला ओळखलं नाही असं दाखवून थेट स्वारासमोर उभे राहिले. बराच वेळ उभे. मग एका बाजूने गेले, परत आले. मागे गेले, तिथे तर चष्मा काढून पांढऱ्या प्लास्टरला नाक लागेल इतके जवळ. पाटी वाचली. ती मोकळी जागाही बघितली असणार, कारण तिथे बोट ठेवलं.

मग माझ्याकडे आले. ‘‘तुम्हीच का तो शिपाई?’’

‘‘हो,’’ मी म्हटलं. ‘‘बसा ना.’’

‘‘बसायला आलो नाही. मला हे पटलेलं नाही.’’

‘‘बरं.’’

‘‘अजिबात पटलेलं नाही. मला एक सांगा. तुम्ही दारात उभ्या होतात म्हणे. अगदी नाकासमोर, की थोड्या बाजूला?’’

मी आठवून बघितलं. ‘‘बाजूला. मध्ये फ्रीज येतो ना.’’

‘‘कुठल्या बाजूला?’’

‘‘माझ्या उजव्या हाताला फ्रीज होता. म्हणजे डावीकडे सरकून उभी होते.’’

‘‘मग त्याचा डावा खांदा तुम्हाला दिसला?’’

‘‘नाही बाई. तो फ्रीजच्या आड होता.’’

सरांच्या डोळ्यांत जी चमक आली, ती मी माझ्या सुनेच्या डोळ्यांत त्या रविवारी बघितली होती. ते पहारेकऱ्याला म्हणाले, ‘‘बोलाव तिला. म्हणावं, धावत ये.’’

ती धावतच आली. दारात थांबली. केस सुटलेले, हातात पेन्सिल.

‘‘काय उभी आहेस?’’ सर ओरडले. ‘‘तुझा शिपाई फौजेच्या कुठल्या टोकाला होता?’’

‘‘डाव्या,’’ ती म्हणाली. ‘‘नदीच्या बाजूला. लिहिलंय त्याने.’’

‘‘लिहिलंय ना? मग या स्वाराच्या डाव्या खांद्यावर लोखंड कशाच्या जोरावर चढवलंस? त्या टोकावरून त्याला तो पलीकडचा खांदा दिसला होता? पाठीला एक न्याय आणि खांद्याला दुसरा? अर्धवट काम केलंस तू, झेरॉक्स!’’

ती बघतच राहिली. स्वाराच्या खांद्याकडे, मग सरांकडे. मग म्हणाली, ‘‘सर, तो नदीकडे होता, पण स्वार तिरके आले. तिसऱ्या ओळीत आहे.’’

‘‘तिसऱ्या ओळीत घोडे तिरके आहेत. स्वार नाहीत.’’

‘‘घोडा तिरका आणि स्वार सरळ, असं कसं होईल?’’

‘‘आण पान!’’

तिने पान आणलं. सरांनी तिचा दंड धरला आणि खाली बसायला लागले, तिथेच फरशीवर, घोड्याच्या पायाशी. गुडघे वाजले त्यांचे. ती शेजारी बसली. पान मध्ये ठेवलं. एका शाळेची रांग आली होती, ती पोरं स्वार सोडून या दोघांकडेच बघत उभी राहिली. पहारेकरी माझ्याकडे बघायला लागला, की यांना उठवू का. मी मान हलवली, नको.

‘‘लोहाराला निरोप धाड,’’ सर पानातून मान वर न काढता म्हणाले. ‘‘खांद्याचा पत्रा काढावा लागणार.’’

‘‘अजून ठरलं नाही सर.’’

‘‘ठरेल. तू चुकतेयस.’’

‘‘बघू.’’

चष्म्याचं दुकान बंद व्हायची वेळ झाली तरी दोघं हलेनात. मी एकदा खाकरून बघितलं. मग पिशवी उचलली आणि निघाले. मुलाला फोन करून सांगितलं, तिची जेवायला वाट बघू नकोस, सर आलेत.